लिहिणाऱ्या बाईला चार शब्द

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही पुण्याला जाऊन त्या मालिकेच्या लेखिकेला भेटून आलात, त्याविषयी चार शब्द बोला." मी म्हटले, अहो, माझे शिक्षण मराठी सातवी. माइकसमोर उभे राहण्याची मला सवय नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "ओट्यापाशी उभ्या राहून बोलता, तसेच बोला." तेव्हा मी ओट्यापाशीच उभी आहे असे समजून तुम्ही ऐकून घ्यावे, ही विनंती.

प्रथम मीच तुम्हाला एक प्रश्न विचारते. आपण रोज संध्याकाळी मालिका बघतो. तिच्यातील सासू कोण, सून कोण, त्या नटीने कोणत्या सणाला कोणती पैठणी नेसली होती, हे सारे आपल्याला पाठ असते. पण त्या सासूच्या तोंडचे शब्द कोणी लिहिले, हे किती जणींना ठाऊक आहे? नावे पडद्यावर येतात खरी. पण ती इतकी भरभर जातात की आपण चष्मा पुसेपर्यंत संपतात. स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईचे आणि मालिका लिहिणाऱ्या माणसाचे नशीब सारखेच म्हणायचे. पंगतीत वाढणारा दिसतो, रांधणारी दिसत नाही!

१९८८ ते १९९० या काळात दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर महाभारत लागत असे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. आमच्या वाड्यात एकच संच होता आणि त्याच्यापुढे सतरंजी टाकून अख्खा वाडा बसत असे. श्रीकृष्ण पडद्यावर आला की माझी आजी हात जोडी. कृष्णाचे काम नितीश भारद्वाज यांनी केले, हे लहान पोरेसुद्धा सांगत. पण त्या महाभारताचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले होते, हे मला चाळिशी उलटल्यावर आपल्या वाचनालयातील एका पुस्तकातून कळले. ज्यांचे शब्द ऐकून माझ्या आजीने हात जोडले, त्यांचे नाव तिने कधी ऐकलेच नव्हते. अलीकडचेच सांगायचे तर, २०१७ साली सुरू झालेली 'लागिरं झालं जी' ही आपल्या सातारा भागातील फौजीची गोष्ट आपण सगळ्यांनी पाहिली. ती आपल्या वाईच्या तेजपाल वाघ यांनी लिहिली. इतक्या जवळचा माणूस, पण त्यातील फौजी ठाऊक आणि लिहिणारा ठाऊक नाही, अशाच आपण पुष्कळ जणी.

आता मी ज्या लेखिकेला भेटले, तिच्याकडे वळते. त्या बाईंचे नाव मी इथे घेत नाही, मालिकेचेही सांगत नाही. त्या माझ्याशी जे बोलल्या ते माणूस माणसाशी बोलतो तसे बोलल्या. ते त्यांच्या नावासकट छापणे मला बरे वाटत नाही.

मला त्यांना भेटावेसे का वाटले, हे आधी सांगितले पाहिजे. २०१९ साली माझ्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ऐकू सगळे येई, समजे सगळे, पण बोलता येत नसे. मोठ्या आवाजाच्या, घर हलवून सोडणाऱ्या बाई त्या. त्यांचे ते गप्प पडून राहणे बघवत नसे. पुढे २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. मालिकांचे चित्रीकरण बंद पडले आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने जुने रामायण पुन्हा दाखवायला सुरुवात केली. ते आम्ही दोघींनी मिळून पाहिले. तेव्हापासून संध्याकाळी त्यांच्या खाटेशेजारी बसून काहीतरी बघायचे, अशी रीतच पडली. त्यात ही मालिका आली.

२०२१ साली तिच्यात एक प्रसंग दाखवला. घरातील सून आजारी सासूचे सगळे करते; नहाणे, धुणे, औषधपाणी. एका रात्री ती सासूच्या पायथ्याशी बसते आणि म्हणते, "आई, मी दमले हो. कधीकधी मला तुमचा रागसुद्धा येतो." एवढेच. पुढे वीज कडाडली नाही, ढोल वाजले नाहीत, कोणी दाराआडून ऐकत उभे नव्हते. आणि ती सून वाईट म्हणून दाखवली नव्हती. मैत्रिणींनो, सेवा करणारी सून दमते हे मोठ्याने म्हणायची आपल्याकडे सोय नाही. जी दमते ती कामचुकार, जी चिडते ती पापीण. देवळातल्या मूर्तीसारखे हसतमुख राहायचे.

मी संच बंद केला. सासूबाईंना पेज भरवायची वेळ झाली होती. आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो. मग माझ्या तोंडून निघून गेले, "आई, मी पण दमते हो." त्यांनी डाव्या हाताने वाटी धरली, आपल्यापुढून सरकवली आणि माझ्यापुढे केली. तू जेव, असे त्यांचे म्हणणे होते. साडेनऊ वाजून गेले होते आणि मी जेवले नव्हते. त्या रात्रीपासून मी आधी जेवायचे आणि मग त्यांना भरवायचे, असा नियम त्यांनी घालून दिला. मी जेवून आले की नाही, हे त्या माझ्या तोंडाकडे बघून ओळखत. खोटे चालत नसे. २०२२ साली त्या गेल्या. पण शेवटचे ते एक वर्ष आमच्या दोघींच्या मनात एकमेकींविषयी काही साठून राहिले नाही. त्या लेखिकाबाईंना मला हे सांगायचे होते.

२०२४ साली त्या मालिकेच्या चाहत्यांनी पुण्यात एक मेळावा भरवला. पहाटेच्या एस.टी.ने मी आणि शेजारच्या वहिनी निघालो. आमचे हे म्हणाले, "नट बघायला लोक जातात, तू लिहिणारीला बघायला चाललीस!" बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. गाडीत मी सारखी मनाशी घोकत होते, की असे म्हणायचे, तसे म्हणायचे. शाळेत कविता पाठ करावी तसे माझे भाषण तयार होते.

सभागृह भरलेले होते. आधी लेखिकाबाई आपल्या कामाविषयी बोलल्या. ते मला फार नवे वाटले. रोजच्या मालिकेची कथा एक जण लिहितो, प्रसंग कसे लावायचे ती पटकथा दुसरा आणि संवाद तिसरा, असे पुष्कळदा असते. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटे गोष्ट असते आणि तशी आठवड्याला पाच-सहा दिवसांची लिहून द्यावी लागते. एखादी नटी आजारी पडली तर तिचे बोलणे रातोरात दुसऱ्याच्या तोंडी घालावे लागते. २०२१च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबले, तेव्हा बऱ्याच मराठी मालिका गोव्याला गेल्या. त्या वेळी घर बदलले, अंगण बदलले, आणि गोष्टीतली माणसे तिथे कशी गेली याचे कारण लिहिणाऱ्याने शोधायचे! ऐकताना मला वाटले, ही तर आपल्यासारखीच आहे. आयत्या वेळी चार पाहुणे आले की आपण आमटीत पाणी वाढवतो, तशी ही गोष्ट वाढवते. फरक एवढाच, की हिची आमटी लाखो घरांत जाते.

मग प्रश्न विचारण्याची वेळ झाली. एका बाईने विचारले, "प्रत्येक घरात एवढी कारस्थाने कशाला दाखवता? आमच्या घरात कुणी कुणाच्या दुधात काही कालवत नाही." लोक हसले. लेखिकाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "शांत भाग लिहिला की बघणाऱ्यांचे आकडे उतरतात. कारस्थान आले की चढतात. तुम्हीच बघता ना?" सभागृह गप्प झाले. पुढे त्यांनीच सांगितले, की हे आकडे प्रत्येक घरातून येत नाहीत. देशातील काही निवडक घरांत एक यंत्र बसवलेले असते आणि तेथे काय बघितले गेले यावरून सगळ्यांचा अंदाज बांधतात. मी मनात म्हटले, आमच्या आळीत तर असे यंत्र कोणाकडे नाही. मग आम्ही तो पायथ्याशी बसण्याचा प्रसंग डोळ्यांत पाणी आणून पाहिला, हे कुणाला कसे कळावे?

शेवटी भेटीची रांग लागली. प्रत्येकीने पुढे जायचे, फोटो काढायचा आणि बाजूला व्हायचे. माझी पाळी आली. एवढ्या वेळ घोकलेले भाषण कुठे गेले कुणास ठाऊक. घशाला कोरड पडली. समोर त्या बाई उभ्या. केस विस्कटलेले, डोळे ओढलेले, हातात तो लाल गुलाबांचा गुच्छ. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, "जेवलात का?"

मागच्या मुली खुदकन हसल्या. वहिनींनी मला कोपराने ढोसले. लेखिकाबाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही हो. सकाळपासून चहावरच आहे." मी पिशवीतून डबा काढला. स्वयंसेवक मुलगा म्हणाला, "काकू, पुढे चला." पण त्यांनीच त्याला थांबवले. तिथेच भिंतीशी टेकून, हातात दशमी घेऊन त्या खायला लागल्या. मी धीर करून म्हटले, "ताई, तो सून पायथ्याशी बसते तो प्रसंग..." त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाल्या, "तो तुम्हाला आठवतो? तो काढून टाका असे मला सांगितले होते. नायिका वाईट दिसेल म्हणत होते. मी भांडून ठेवला. लोक साड्यांविषयी लिहितात, मंगळसूत्राविषयी विचारतात. त्या प्रसंगाविषयी मला आजवर कोणी विचारले नव्हते."

"घरी सासूबाई असतात का?" असे त्यांनी मला विचारले. मी म्हटले, "आता नाहीत." आणखी बोलणार तोच दुसऱ्या कुणीतरी त्यांना फोटोसाठी ओढून नेले. अर्धी दशमी हातात धरून त्या गेल्या. वाटीची गोष्ट माझ्याजवळच राहिली.

परत येताना वहिनी म्हणाल्या, "एवढ्या लांब जाऊन जेवलात का विचारून आलात!" मला मात्र त्याचे वाईट वाटले नाही. आपल्याकडे ज्या माणसाविषयी माया वाटते त्याला आपण हेच विचारतो. पण मायेने पोट भरते, लिहिणाऱ्याचे काम भागत नाही, हेही मला त्या भिंतीपाशी उमगले. त्या बाईंनी भांडून जे राखले ते कुठे पोचले, हे त्यांना तीन वर्षे कोणी कळवले नव्हते. म्हणून घरी आल्यावर मी रेघांच्या कागदावर पाच पाने पत्र लिहिले. वाटीची सगळी हकिकत लिहिली आणि मेळावा भरवणाऱ्यांकडून पत्ता घेऊन टपालात टाकले. उत्तर आलेले नाही. त्यांना रोजचे बावीस मिनिटांचे रांधायचे असते, हे मला ठाऊक आहे.

मैत्रिणींनो, पत्राने काय होते असे कोणी म्हणेल. १९८४ साली दूरदर्शनवर मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली 'हम लोग' ही मालिका सुरू झाली. सुरुवातीला तिच्यात कुटुंबनियोजनाचा उपदेश फार होता आणि तो लोकांना रुचला नाही. तेव्हा उपदेश कमी करून घरातल्या माणसांची गोष्ट वाढवली. मग ती सगळ्यांची लाडकी झाली आणि बघणाऱ्यांनी लाखांनी पत्रे पाठवली. त्या वेळी घराघरांत यंत्रे नव्हती, पत्रे होती. साध्या माणसांनी आपली आवडनिवड लिहिणाऱ्यांच्या कानावर घातली, आणि ती ऐकली गेली.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. महिन्यातून एकदा आपण भजनाला जमतो, त्या दिवशी पंधरा मिनिटे काढावीत आणि सगळ्यांनी मिळून एक पत्र लिहावे. "फार छान, फार आवडले" एवढेच लिहू नये. तसे तर आपण लग्नातल्या जिलबीलाही म्हणतो. कोणता प्रसंग, कोणते वाक्य, आणि ते आपल्या घरात कुठे लागले, ते लिहावे. जे खोटे वाटले तेही स्पष्ट लिहावे. सून दमली तर दमलेली दाखवा, पण कुणाच्या दुधात काही कालवू नका, असे कळवावे. आपल्याकडे यंत्र नसेल, पण हात आहे आणि सातवीपुरते अक्षर आहे.

पहिल्या पत्राचा कागद आणि टपालखर्च माझ्याकडे. मजकूर मात्र सगळ्यांनी सांगायचा.