सिकलसेलच्या लेकरांना आर्जिनिन द्यायचं का?

विदर्भात काम करताना सिकलसेलच्या मुलांच्या आया मला हमखास विचारतात, "डॉक्टर, प्रोटीनची पावडर दिली तर लेकराचा दम कमी होईल का?"

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. या आजारात लाल पेशी लवकर फुटतात. बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड संपवतं, आणि आर्जिनेज नावाचं एन्झाइम आर्जिनिन. आता गंमत बघा, रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शरीर याच अमिनो आम्लापासून बनवतं. तो कमी पडला की फुप्फुसातल्या वाहिन्या आवळतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो.

नायजेरियात वेदनेमुळे दाखल झालेल्या मुलांना तोंडावाटे आर्जिनिन देऊन पाहिलं. वेदना लवकर ओसरल्या, हृदय-फुप्फुसांची मोजमापंही सुधारली. आशा वाटते. पण तिथे मात्रा वजनावर ठरवून, रुग्णालयात दिली होती. दुकानातल्या डब्याने ते काम होत नाही.

म्हणून हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. आणि ताप, छातीत दुखणं, धाप, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. लेकराला लगेच दवाखान्यात न्या.