बालकाच्या निराशेत ख्रिस्ताचे सांत्वन
(महोत्सवाच्या नोव्हेनात, कुटुंबांसाठी राखलेल्या दिवशी धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनी केलेले प्रवचन)



महोत्सवाच्या या आनंदाच्या दिवसांत मी निराशेविषयी बोलावयास उभा आहे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्या घरी मूल आहे, त्या घरी निराशा कधी ना कधी येतेच. आणि त्या घटकेस मुलापाशी काय बोलावे हे न उमगल्यामुळे आम्ही वडीलधारेच पुष्कळदा त्याची जखम अधिक खोल करतो. माझ्या हातून असे एकदा घडले आहे. ते आज मी आपणांपुढे कबूल करतो.

मी नवा धर्मगुरू असताना दहा वर्षांचा एक वेदीसेवक शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसला होता. बाप वाडीत राबणारा, आई भाजीची टोपली घेऊन बाजारास जाणारी. त्या थोड्या रुपयांचे त्या घरी केवढे मोल! मी त्यास म्हणालो, "बाळा, संत अंतोनीची नोव्हेना कर, तुझे काम झालेच म्हणून समज." त्याने नऊ दिवसांत एकही दिवस चुकविला नाही. यादी लागली, तीत त्याचे नाव नव्हते. तो सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभा राहिला व म्हणाला, "फादर, देवाने ऐकले नाही, की मी नीट मागितले नाही?" मी घाईत होतो. "तुझी श्रद्धा थोडी कमी पडली असेल," असे म्हणून मी मिस्साची वस्त्रे चढविली. पुढल्या रविवारी तो वेदीपाशी आला नाही; त्यानंतरही कित्येक आठवडे आला नाही.

बंधुभगिनींनो, किती सहज मी त्या कोवळ्या खांद्यांवर दुहेरी ओझे ठेविले! इच्छिलेले तर गेलेच. वर देवही आपणांवर रुष्ट आहे, असे त्यास वाटू लागले. देवाच्या वतीने मी असे वचन दिले होते, जे देण्याचा मला अधिकारच नव्हता.

त्यास सावरिले ते त्याच्या आजीने. तिला अक्षरओळखही नव्हती. पवित्र गुरुवारी रात्री ती त्यास हातास धरून आराधनेच्या तासास घेऊन आली आणि एवढेच म्हणाली, "या रात्री येशूनेही बापापाशी मागितले होते, बाळा, आणि प्याला टळला नाही. त्याचे सोबतीही झोपी गेले. तू त्याच्याजवळ थोडा बस."

पुढे तिच्याच तोंडून हे ऐकले, तेव्हा सेमिनरीत मिळविलेली माझी विद्या मला थिटी वाटली. गेथसेमनीच्या बागेत पुत्राची श्रद्धा का उणी पडली होती? पित्याचे प्रेम का आटले होते? मुळीच नाही. संत लूक सांगतो की, त्या घटकेस स्वर्गातून दूत आला. परंतु तो प्याला काढून नेण्यास नव्हे, तर बळ देण्यास आला. ख्रिस्ती सांत्वन ते हेच. मागितलेले मिळेलच असे ते सांगत नाही. न मिळालेल्या रात्री तू एकटा नाहीस, असे सांगते.

आपल्या वसईच्या भूमीतच याचा दाखला आहे. संत गोन्सालो गार्सिया येथलाच पुत्र. पोरवयात तो येशूसंघीय धर्मगुरूंसमवेत जपानास गेला. तेथे त्याने अनेक वर्षे धर्मशिक्षणाची सेवा केली. परंतु त्या संघात प्रवेश मिळावा ही त्याची आस पुरी झाली नाही. खिन्न मनाने तो निघाला आणि व्यापार करू लागला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यास बंधू म्हणून स्वीकारले. 1597 साली नागासाकी येथे त्याने क्रुसावर प्राण अर्पिले, आणि 1862 साली ख्रिस्तसभेने त्यास संतपद दिले. आपण शेवट जाणतो, म्हणून आपणांस ही कथा सोपी वाटते. परंतु ती मधली वर्षे आठवा! नकार पदरी घेऊन तराजू धरणाऱ्या त्या तरुणास पुढले काय दिसत होते? आपले निराश मूल त्याच मधल्या वर्षांत उभे असते. त्यास शेवट सांगण्याची घाई करू नका, त्याच्यासंगे चाला.

मातापित्यांनो, लाजराला आपण उठविणार हे ठाऊक असूनही प्रभू आधी रडला. म्हणून मूल रडू लागले तर "एवढ्याशा गोष्टीसाठी काय रडतोस?" असे म्हणू नका. शेजारच्या मुलाची गुणपत्रिका त्याच्यापुढे नाचवू नका. देवाशी सौदा करण्यास त्यास शिकवू नका. त्या संध्याकाळी त्यास रोझरीस आपल्या कुशीशी बसवा; बोलण्यास शब्द न सुचले तरी चालेल.

आणि बालकांनो, तुम्ही खुशाल मागा, मन मोकळे करून मागा. न मिळाले तर येशूला तसेच सांगा. तो रागावणार नाही.

ईस्टरच्या पहाटे तो मुलगा पुन्हा वेदीपाशी आला. शिष्यवृत्ती त्यास पुढेही मिळाली नाही. मी त्याची क्षमा मागितली. तो ओशाळून हसला आणि घंटा उचलून आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

क्रुसाखाली पुत्रापाशी उभी राहिलेली पवित्र मरिया आपणां सर्वांस आपल्या लेकरांपाशी उभे राहण्याची कृपा मिळवून देवो. आमेन.