चित्रकलेचा तास सर्वांचा



डिचोली कुंभारकामासाठी प्रसिद्ध. चतुर्थीपूर्वी येथील चित्रशाळांतून मातीचे गणपती घडतात. कोणी माती मळतो, कोणी साच्यात दाबतो, कोणी डोळे रेखतो. मूर्ती मात्र सर्वांची. शाळेतील चित्रकलेच्या तासाला पुष्कळदा याउलट घडते. समोरचा घडा सर्वांनी सारखाच उतरवायचा! ज्याला तो दिसत नाही, ज्याचा हात थरथरतो, तो मागच्या बाकावर नुसता बसून राहतो.

बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी बालपणापासूनच अधू होती. पुढे ती पूर्ण गेली. त्यानंतरही त्यांनी शांतिनिकेतनच्या कलाभवनात अध्यापन केले, कागद कातरून चित्रे रचली, फरशांचे भित्तिचित्र घडविले. कला केवळ डोळ्यांत वसत नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचाही आशय हाच आहे: मुलाने पद्धतीला नव्हे, पद्धतीने मुलाला जुळवून घ्यावे. शिक्षकाने घडा मुलांच्या हाती द्यावा आणि तो कसा दिसतो याऐवजी हाताला कसा लागतो, हे विचारावे. कोणी तो मातीत घडवील, कोणी जाड खडूने रेखील. यात उपकार कोणावरच नाहीत. घड्याची गोलाई डोळसांनाही हातानेच नीट उमगते.