परिपाठानंतरची दहा मिनिटे



महाराष्ट्रातील शाळांचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, बातम्या, बोधकथा. हा संस्कार मोलाचाच आहे. परंतु त्यात मुले जे बोलतात, ते बहुतांशी पाठ केलेले असते. स्वतःविषयी बोलण्यास तेथे क्वचितच अवसर मिळतो.

सातारा-सांगलीच्या मातीत याहून मोठा वारसा आहे. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. तेथे नाना जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत, एका पंगतीस जेवत. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. तेथील एकोपा उपदेशातून नव्हे, नित्याच्या सहवासातून उभा राहिला.

शाळेत आजही पोषण आहाराची पंगत बसते. पण शेजारी जेवणाऱ्याच्या घरी काल काय घडले, हे मुलाला ठाऊक असतेच असे नाही. उसाच्या हंगामात तोडणी कामगारांची कुटुंबे बीडसारख्या जिल्ह्यांतून कृष्णाकाठी येतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्यांच्या मुलांना शाळेत प्रवेशाचा अधिकार दिला. तथापि हजेरीपटावर नाव चढले, म्हणजे वर्गाने आपले म्हटले असे होत नाही. तसेच २०१९ च्या महापुरात सांगली परिसरातील अनेक घरे पाण्याखाली गेली. अशा घरातून परतलेल्या मुलाचे मन थेट गणिताच्या तासात कसे रमावे?

यासाठी परिपाठानंतर दहा मिनिटे राखावीत. मुलांनी गोलाकार बसावे. रोज चार-पाच जणांनी स्वतःचे काही सांगावे. गाय व्याली, आजी आजारी आहे, एवढेही पुरे. इतरांनी ऐकावे, एखादा प्रश्न विचारावा. ज्याला बोलायचे नसेल, त्याला ‘आज नको’ म्हणण्याची मुभा असावी. गुरुजींनी बोली सुधारण्याचा मोह आवरावा. कोणी हसल्यास तेथेच थांबवावे. एखादे दुःख गंभीर वाटल्यास त्या मुलाशी नंतर एकांतात बोलावे.

यास ना निधी लागतो, ना शासननिर्णय. हंगाम संपून तोडणी कामगाराचे मूल गावी परतेल, तेव्हा वर्गाला त्याचे नाव आणि गाव ठाऊक असावे. कर्मवीरांच्या जिल्ह्यांतील शाळांकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही.