एकादशीचा फराळ आणि रक्तातली साखर
(दिंडीच्या मुक्कामी, हरिपाठानंतर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



"डॉक्टर, चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो, तरी एकादशीला साखर वाढते कशी?" हा प्रश्न वारकरी मला नेहमी विचारतात. उत्तर आपल्या फराळाच्या ताटात आहे.

जिभेला गोड लागते तेवढीच साखर नव्हे, माउली. साबुदाणा, भगर, बटाटा, भात यांतल्या पिष्टाचीही पोटात साखरच होते. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिनं आणि चोथा नावालाच. म्हणून ताटभर खिचडी खाल्ली की रक्तातली साखर झरझर चढते. ताटभर भगरीचंही तेच. राजगिऱ्याचा लाडू बांधलेला असतो गुळात, आणि गूळ हा साखरेचा सख्खा भाऊ!

मग उपवास सोडायचा का? नाही हो, माप बदलायचं. वाटीभर भगर घ्या, सोबत दाण्याची आमटी आणि गोड न केलेलं दही. दाण्यातली प्रथिनं आणि तेल पिष्टाची चाल मंद करतात. रताळं घेतलं तर भगर कमी करा. बारशीच्या पंगतीत भाकरी-उसळ आधी, भात दोन घास. वाढप्याला आधीच "अर्धंच वाढा, माउली" म्हटलं तर अन्नाचा अपमान होत नाही आणि पानात वायाही जात नाही.

आता दुसरी बाजू, आणि वाटेवर ती जास्त घातक आहे. वारीत पायाला चाल रोजची; अंग जास्त साखर वापरतं. त्यात गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि पोट रिकामं ठेवलं, तर साखर 70च्या खाली उतरू शकते. दरदरून घाम, हातपाय थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात घोटाळा. आपण म्हणतो, "उन्हानं झालं, जरा बसा." नुसतं बसून भागत नाही. लगेच 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. 15 मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. अशा वेळी दाण्याची चिक्की देऊ नका. तिच्यातलं तेल साखरेला उशीर लावतं. बरं वाटल्यावर काहीतरी खाऊ घाला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका. 108ला फोन करा.

प्रस्थानाआधीच आपल्या डॉक्टरांना विचारा: चालायच्या दिवसांत औषध किती, एकादशीला किती? योगिनी एकादशी वाटेतच येते. मनाने गोळी बंद करू नका, आणि निर्जळी तर नकोच. पिशवीत साखरेची पुडी ठेवा, शेजारच्या वारकऱ्याला आपला आजार सांगून ठेवा. लाज कसली त्यात?

फराळ मापात ठेवा, औषध विचारून घ्या, सोबत्याकडे लक्ष ठेवा. निघालेला प्रत्येक वारकरी पंढरीला पोचला पाहिजे.

पंढरीनाथ महाराज की जय!