कविपरिचय कसा लिहवून घ्यावा
(शिक्षक संमेलनातील भाषण)



कविता शिकविल्यावर आपण मुलांकडून कवीचा अल्प परिचय लिहवून घेतो. बहुतेक वह्यांत तो एकाच साच्याचा आढळतो : 'हे थोर कवी होते. त्यांनी साहित्याची मोठी सेवा केली.' ही वाक्ये कोणत्याही कवीला लागू पडतात; म्हणूनच ती कोणाचाही परिचय करून देत नाहीत.

बहिणाबाई चौधरी यांचेच उदाहरण घेऊ. पहिले काम ओळख निश्चित करण्याचे. तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाई सतराव्या शतकात होऊन गेल्या. दोघींची गल्लत होऊ नये यासाठी जन्मवर्ष व गाव आरंभीच द्यावे.

दुसरे, काव्याशी ज्याचा संबंध पोचतो तेवढाच जीवनभाग निवडावा. तिसरे, क्रियापद जपून योजावे. 'बहिणाबाईंनी पुस्तक लिहिले' असे मुले लिहितात. परंतु त्यांना लिहितावाचता येत नव्हते, आणि पुस्तक निघाले ते त्यांच्या निधनानंतर.

आता परिचय पाहा : 'बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळील आसोदे येथे शेतकरी कुटुंबात झाला. त्या निरक्षर होत्या. शेतात व घरात काम करता करता त्यांनी आपल्या बोलीत गाणी रचली. पुत्र कवी सोपानदेव आदींनी ती लिहून ठेवली. १९५१ साली त्यांचे निधन झाले. "बहिणाबाईंची गाणी" हा संग्रह आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली प्रसिद्ध झाला.' सहाच वाक्ये. पण यांतील एकही दुसऱ्या कवीला लावता येणार नाही.

यात केवळ भाषाविषयाचे गुण गुंतलेले नाहीत. पालक म्हणून अंगठा उठविणाऱ्या मातेचे मूलही आपल्या वर्गात असू शकते. 'थोर कवयित्री' एवढेच वाचून त्याला काय उमगणार? 'त्या निरक्षर होत्या' हे वाक्य मात्र त्याला सांगते की, काव्य ही केवळ शिकलेल्यांची मिरास नव्हे. ते वाक्य गाळणे म्हणजे त्या मुलाचा वाटा गाळणे होय.

येत्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाने आपल्या घरातील अथवा आळीतील ओव्या जाणणाऱ्या एका वृद्धेचा असा सहा वाक्यांचा परिचय लिहावा, आणि तो त्या आजींना वाचून दाखवावा. चुकले असेल तेथे त्याच दुरुस्ती सांगतील.

एवढे सांगून मी आपली रजा घेतो.