खाणीत उतरायची संमती कोणाची?

(नागपूर येथील युवा शिबिरातील भाषण, संक्षिप्त)



वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉयल आणि इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, तिन्हींची मुख्यालयं नागपुरात आहेत. सावनेर-उमरेडला कोळसा निघतो, मनसरला मँगनीज. तरी खाण आणि बाई हा विषय आपल्या शिबिरांत येत नाही, म्हणून आज तोच घेतला.

एकेकाळी कोळसाखाणीत नवरा कोळसा फोडायचा आणि बायको टोपलीत भरून वाहायची. १९३७ साली बायकांना भुयारी काम बंद झालं. कारण काय, तर त्यांच्या जिवाची काळजी. घरातली एक मजुरी गेली. पण युद्धात कोळसा कमी पडला तशी १९४३मध्ये हीच काळजी बाजूला ठेवून बंदी उठवली, आणि १९४६मध्ये परत घातली! तेव्हा मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. ८ फेब्रुवारी १९४४च्या भाषणात त्यांनी ही तात्पुरती निकड असल्याचं सांगितलं; पण भुयारातल्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी, हेही ठासून मांडलं.

स्वतंत्र भारतानं १९५२च्या खाण कायद्यात, कलम ४६मध्ये, बंदी कायम ठेवली. त्यामुळे नव्वदच्या दशकात आपल्या नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मा यांना खाण अभियांत्रिकीला प्रवेश मिळवायला उच्च न्यायालयात जावं लागलं.

संरक्षण या शब्दाची मला धास्ती वाटते. शाहबानो निकालानंतर आलेल्या १९८६च्या कायद्याच्या नावातही ‘हक्कांचं संरक्षण’ होतंच. काय झालं, तुम्ही जाणता.

जानेवारी २०१९मध्ये केंद्रानं कलम ४६मधून सूट दिली. उघड्या खाणीत रात्रपाळी, भुयारात सकाळी ६ ते संध्याकाळी ७. मात्र २०२५पर्यंत भुयारात फक्त तांत्रिक, देखरेखीची आणि व्यवस्थापनाची कामं होती. म्हणजे पदवीवालीला वाट मिळाली, टोपलीवालीच्या नातीला नाही. हे मला खटकायचं.

त्यातली एक अट मात्र आवडली. लेखी संमती लागायची, ती त्या बाईचीच. अब्बांची नाही, शोहरची नाही. घरी हे वाचून दाखवा.

दुसरी अट अशी होती, की पाळीत किमान तीन बायका हव्यात. हेतू चांगला होता. पण खाणीनं दोघींनाच नेमलं तर दोघीही वरच बसायच्या आणि परवानगी कागदावर राहायची. तेव्हा माहिती अधिकाराचा अर्ज लिहायचा असेल तर प्रश्न हाच विचारा: तुमच्या किती भुयारी खाणींत एका पाळीला तीन बायका आहेत? अर्जाचा नमुना शिबिराच्या टेबलावर ठेवलाय.